समितीची गुहा

आमच्या डोंगरातल्या गुहेत पूर्वजांनी काढलेली चित्रं आहेत. ताबा मात्र वनखात्याचा होता, आणि आम्हा आदिवासींनाच तिथे बंदी. माझ्या आत्यानं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, एकदा कोठडीतही बसली. शेवटी सरकार नमलं आणि गुहेची देखभाल वस्तीच्या समितीकडे आली. अध्यक्ष झाले माझे वडील, म्हणजे आत्याचेच धाकटे भाऊ.

वर्षभरात गुहेला लोखंडी फाटक बसलं आणि चित्रं बघायला बाहेरगावचे पाहुणे येऊ लागले. एका सकाळी आत्या चित्रांपाशी बसायला गेली, तर वडिलांनीच तिला अडवलं.

"ताई, ही पाहुण्यांची वेळ आहे. तुला सोडलं तर अख्खी वस्ती आत घुसेल."

"घुसू दे की. वस्तीचीच गुहा ना?"

"समितीची," वडील म्हणाले.

आत्यानं फाटकावरचा हात काढून घेतला. "साहेबानं अडवलं असतं तर भांडले असते. तुझ्याशी कुठल्या तोंडानं भांडू? तुझं नाव मीच सुचवलं होतं."

ती पुन्हा डोंगर चढली नाही. वडील अजूनही पाहुण्यांना तिच्या लढ्याची गोष्ट रंगवून सांगतात. एकदा कुणीतरी विचारलं, "त्या बाई कुठे असतात?"

"खाली वस्तीत," वडील म्हणाले. "आता चढवत नाही त्यांना."