घावण्यांचा शेरा

“छान आहे हो,” असं म्हणून काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराकडे वळायच्या. हे वळणंच महत्त्वाचं होतं, पण ते कळायला मला चार वर्षं लागली. तुमच्या डोक्यात कदाचित आधीच प्रकाश पडेल. तुम्ही माझ्यासारखे फॉर्म भरण्यात गुंतलेले नसाल.

लोकांना काय आवडतं हे शोधून कंपन्यांना सांगणाऱ्या एका ऑफिसात मी होतो. म्हणजे सांगायचं काम साहेबांचं, जिने चढायचं माझं. साबण, चहा, मसाला, काय वाटेल ते पांढऱ्या पाकिटात घालून यायचं. पाकिटावर नाव नाही, नुसता नंबर. ते घरोघरी वाटायचं, आठवड्याने परत जायचं आणि विचारायचं, एक ते पाचमध्ये किती आवडलं? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फारच.

काकू चिंचपोकळीच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. काका शिवडीच्या गोदामातून निवृत्त झालेले, दारातल्या खुर्चीत कायम पेपर घेऊन बसलेले. मी फॉर्म बाहेर काढला की काकू तो माझ्या हातातून काढून घेत आणि टीव्हीवर ठेवत. “आधी बस. घाम पूस. मग काय ते विचार.”

काकूंनी आयुष्यात कशालाही पाचाच्या खाली उतरू दिलं नाही. एका पावडरीने काकांच्या निळ्या शर्टाचा रंग पार उडवला, तरी पाच. काका तोच शर्ट घालून समोर बसले होते. मी शर्टाकडे बघितलं तर काकू म्हणाल्या, “नावं कशाला ठेवायची? कुणीतरी मेहनत घेतलीच असेल ना.”

कंपनी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता. तो कुठल्या तरी लांबच्या खोलीत एकटा बसून ढवळतोय, आणि आता काकू काय म्हणतात याची वाट बघतोय. “त्याला सांग, प्रयत्न चांगला आहे,” असा निरोप त्या नेहमी द्यायच्या. निरोपासाठी फॉर्मवर जागा नव्हती. मी मात्र दरवेळी मान डोलवायचो.

मग एकदा एक आयतं सोलकढीचं पाकीट आलं. पाण्यात घाला, ढवळा, प्या. आता मालवणी बाईला सोलकढीची पावडर द्यायची, म्हणून मी ते पाकीट टीव्हीवर ठेवलं आणि लगेच निघालो. आठवड्याने गेलो. काकूंनी पाच दिले आणि आत गेल्या. थोड्या वेळाने माझ्यापुढे जाळीदार घावणे आले, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. मी बोटं चाटून खाल्लं आणि खुशीत निघालो.

काकांनी पेपर खाली केला. ते सहसा बोलत नसत. “घावणे मिळाले?”

“हो. फारच छान झाले होते.”

“रस होता?”

“होता.”

“मग तुझ्या कंपनीचं काही खरं नाही,” काका म्हणाले आणि मला हळू आवाजात सगळं समजावून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मासे आणले, ते शिळे निघाले. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांना शिरा करून दिला. वस्तू बरी असली की चहा. मध्यम असली की पोहे. अगदीच टाकाऊ असली की घावणे आणि रस, कारण आणणाऱ्याला वाईट वाटू नये.

मी जिन्यात उभा राहून चार वर्षांचं आठवायला लागलो. त्या रंग उडवणाऱ्या पावडरीच्या वेळीही घावणे होते. टूथपेस्टच्या वेळी तर दोनदा वाढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, ही सोलकढी आणू नका, घावणे मिळालेत. साहेबांनी शांतपणे विचारलं की फॉर्ममध्ये नाश्त्याचा रकाना कुठे आहे. रकाना नव्हता. पाच मात्र ठळक होते. सोलकढी थाटात बाजारात आली आणि दोन महिन्यांत दादरच्या दुकानांत तूरडाळीबरोबर फुकट मिळू लागली. पुढे डाळ घेणारेही ती नको म्हणू लागले.

हे सगळं पाहून मला शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं ते असं, की आपणच काहीतरी करून विकावं. बायको नाचणीची खारी बिस्किटं उत्तम करायची, निदान आम्हा दोघांचं तसं एकमत होतं. ठरलं असं की काकूंना द्यायची. पास झाली तर नोकरी सोडायची. राजीनामा मी लिहूनच ठेवला होता.

बिस्किटं दिली, आठवड्याने गेलो. यावेळी फॉर्म नव्हता. काकू म्हणाल्या, “छान आहेत हो,” आणि आत गेल्या. मी देवाचं नाव घेत बसलो. मग आतून तव्यावर चर्र झालं. दारातल्या काकांनी पेपर अजूनच वर धरला.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. काय म्हणाल्या?

“छान आहेत म्हणाल्या.”

“मग तोंड का असं?”

“घावणे दिले.”

तिने विचारलं, “रस होता?”

मी होकारार्थी मान हलवली. ती खाली बसली आणि आम्ही दोघं आधी रडवेले झालो, मग पोट धरून हसलो, आणि मग तिने नाचणी पुन्हा भाजायला घेतली.

पुढचे आठ महिने मी दर पंधरवड्याला तो जिना चढलो. घावण्यांवरून पोह्यांवर आलो. पोह्यांवर दीड महिना अडकलो. बायकोने तूप कमी केलं, ओवा घातला, भाजणं बदललं. एके दिवशी नुसता चहा मिळाला तेव्हा मी घरी येताना पेढे घेतले.

आणि मग एका शनिवारी काकूंनी एक बिस्किट खाल्लं, दुसरं घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि डबा उचलून सरळ फळीवर ठेवला. “हा राहू दे इकडेच,” म्हणाल्या. छान बिन काही नाही. चहासुद्धा विचारला नाही. मी उपाशीपोटी तो जिना उतरलो, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला त्या घरात पोटभर खाऊनही कधी झाला नव्हता. सोमवारी राजीनामा दिला.

आता ती चाळ नाही. तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा आहे. टॉवर उभा राहीपर्यंत काकू-काका कल्याणच्या पलीकडे लेकीकडे राहायला गेलेत. आमची बिस्किटं लालबाग-परळच्या बऱ्याच दुकानांत असतात. पण नवीन काही केलं की मला त्या तिसऱ्या मजल्याची फार आठवण येते. दुकानदार खप सांगतो. पुढ्यात ताटली कुणी ठेवत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही लसणाची बिस्किटं केली. एक डबा कुरिअरने कल्याणला पाठवला आणि चार दिवसांनी फोन केला. काकू म्हणाल्या, “छान आहेत हो.” फोनवर तेवढंच कळतं. त्या पुढे काय करतात ते दिसत नाही. मी घुटमळलो आणि म्हटलं, जरा काकांना द्या.

काका फोनवर आले. मी विचारलं, काकू काय करतायत?

काकांनी आत डोकावून पाहिलं असावं. “नारळ खवतेय.”

“कुणी येणार आहे का?”

“कुणी नाही रे. मीही तेच विचारलं तिला. तर म्हणते, तो तिकडे बसलाय बिचारा.”