आण्णांनी केलेली वाइन

ते दुकान आता नाही. सिंगापुरात बिशानहून बसने थोडं पुढे गेलं की जुन्या औद्योगिक गाळ्यांची एक उंच इमारत लागते. तिच्या वरच्या मजल्यावर, सोफ्यांना कापड चढवणाऱ्याचा एक गाळा आणि एक छापखाना यांच्या मधोमध ते होतं. तिथे वाइन विकायला ठेवलेली नसायची. आपण जायचं, द्राक्षाचा रस निवडायचा, आपल्या हाताने त्यात यीस्ट टाकायचं आणि घरी यायचं. रस दीडेक महिना तिथेच मुरायचा. मग पुन्हा जाऊन बाटल्या आपणच भरायच्या, बुचं मारायची, लेबलं चिकटवायची.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. आम्ही तासगावकडचे. आण्णांनी जन्मभर द्राक्षबाग केली. बाग फार मोठी नव्हती, पण माल देखणा असायचा. व्यापारी दरवर्षी आपणहून बांधावर यायचे. आई गेली आणि पुढचा हंगाम यायच्या आत त्यांनी ती बाग काढून टाकली. मला फोनवर एवढंच म्हणाले, "काढली बाग." मी चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. "बरं," म्हणालो आणि मीटिंगला गेलो.

बिशानच्या फ्लॅटमध्ये आण्णा जपून वावरायचे, पाहुण्यासारखे. सकाळी इमारतीच्या खाली बाकावर बसायचे, ऊन चढलं की वर यायचे. माझ्या शाळकरी मुलीने टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी त्याच खुर्चीत बसून राहायचे. जेवताना माझी बायको विचारायची, "आण्णा, भाजी कशी झालीय?" ते म्हणायचे, "झ्याक." रोज झ्याक. तिला कळेना त्यांना काय आवडतं ते.

त्या शनिवारी आम्ही दोघं वाइन करायला जाणार होतो. तिच्या कुणा मैत्रिणीने केली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. पण ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे, आणि ऐनवेळी तिला ड्युटीवर बोलावलं. बुटांची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "आण्णांना घेऊन जा ना."

"अगं, माळकरी माणसाला दारूच्या दुकानात नेऊ?"

"तिथे पीत नाहीत, नुसती करतात."

"मग तर आणखीनच वाईट!"

हे आण्णांनी खुर्चीतून ऐकलं असावं. "कशाची करत्यात?" त्यांनी विचारलं.

"द्राक्षाची, आण्णा."

ते उठले, टोपी घातली आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

दुकानाचा मालक सत्तरीतला चिनी गृहस्थ होता. हाफपँट, बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा. सगळे त्याला अंकल म्हणत. त्याने टेबलावर रसाची मोठी पिशवी ठेवली, तेव्हा आण्णांनी तिच्या आजूबाजूला पाहिलं, टेबलाखाली पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आणि द्राक्षं कुठायत?"

"रसच येतो इथे, ऑस्ट्रेलियाहून."

"म्हंजे घड कुणीच बघितला न्हाई?" त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं, आता घरी चला म्हणतील. पण अंकलने पिशवी फोडून रस पिंपात ओतला आणि त्याचा वास सगळ्या गाळ्यात पसरला. गोड, जड, किंचित उग्र. आण्णा पिंपावर वाकले. आमच्या शेडवर बेदाणा वाळत घालताना असाच वास यायचा. मी तो कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

अंकलने खिशातून एक छोटी नळी काढली, तिच्या काचेवर रसाचा थेंब सोडला आणि उजेडाकडे तोंड करून एका डोळ्याने आत पाहू लागला.

"अरं, हे तर आपलं साखर बघायचं मीटर!" आण्णा म्हणाले आणि सरळ हात पुढे केला. अंकलने जरा आश्चर्यानेच ते त्यांच्या हातात दिलं. आण्णांनी टोपी मागे सारली, डोळा लावला आणि म्हणाले, "ट्वेंटी थ्री."

"ट्वेंटी थ्री!" अंकल म्हणाला.

"बेदाण्याच्या मालाएवढी गोडी धरलीया. चांगला पिकवलाय कुणीतरी," आण्णा मला म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. वडिलांची बाग होती, हेही सांगितलं. अंकलने चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि यीस्टची पुडी माझ्याकडे न देता त्यांच्या हातात ठेवली. ती हळद पसरावी तशी चिमटीने, सगळीकडे सारखी, आण्णांनीच टाकली.

परतताना आम्ही बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, चहाला थांबलो. आण्णांनी चहा बशीत ओतला. तिथल्या चहात डब्यातलं घट्ट, गोड दूध असतं, तो त्यांना आवडायचा. निम्मी बशी झाल्यावर, मी काही विचारलेलं नसताना, ते बोलायला लागले.

"जेसीबी आणला हुता. आधी तारा सोडवल्या, मग खोडं काढली. जेसीबीवाला म्हणला, आण्णा, घरी जावा, बघत बसू नका. मी गेलो न्हाई. आपण लावलीय, तर आपणच उभं ऱ्हायला पायजे, न्हाई का?"

मी मान हलवली.

"तुझी आई बायका घेऊन घडांच्या विरळणीला यायची, तवा विहिरीकडल्या ओळीपासनं सुरुवात करायची. ती ओळ मी शेवटाला ठेवली. तिच्यावर मशीन आलं, तवा मात्र गेलो घरला. तेवढं बघवलं न्हाई."

"मला बोलवायचं होतंत, आण्णा."

"तू येऊन काय करणार हुतास? तू बी उभाच ऱ्हायला असतास." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पण बरं वाटलं असतं."

आमचा चहा गार झाला. शेजारच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातली पोरं नूडल्स खात हसत होती. मी आण्णांच्या हातावर हात ठेवला. असं मी यापूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही.

दोन-तीन दिवसांनी ते जेवताना म्हणाले, "आपल्या रसाचं काय झालं आसंल?" बायकोने त्यांना बसचा नंबर सांगितला, कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं. पहिल्यांदा मी सोबत गेलो, नंतर ते एकटेच जायला लागले. पिंपातला आमचा रस आता काचेच्या मोठ्या बरणीत होता आणि तोंडावरच्या नळीतून बुडबुडे सुटत. आण्णा बरणीला कान लावून बसत. अंकलकडे दुपारी फारसं कुणी येत नसे. तो एक स्टूल आण्णांसाठी पुढे ओढायचा. दोघांत सामाईक भाषा नव्हतीच. आण्णांची इंग्रजी औषधांच्या डब्यांवरची आणि निर्यातीच्या खोक्यांवरची. तरी घरी येऊन ते आम्हाला सांगायचे, अंकलची बायको पण गेलीय, मुलगी कॅनडात असते, गुडघा दुखतो त्याचा. "तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलं तर म्हणायचे, "सांगितलं त्यानं." भाजी खारट झाली तर आता खारट म्हणायचे.

बाटल्या भरायला आम्ही तिघं गेलो. बायको नळी धरत होती, मी बाटल्या पुढे सरकवत होतो आणि आण्णा बुचाच्या यंत्राचा दांडा ओढत होते. दर बुचागणिक अंकल म्हणायचा, "गुड!" आणि आण्णाही म्हणायचे, "गुड!" शेवटी अंकलने एका छोट्या ग्लासात थोडी वाइन ओतून आण्णांपुढे धरली. आण्णांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावलं आणि मान हलवली. अंकलला किती समजलं कोण जाणे. त्याने ग्लास लगेच मागे घेतला आणि आण्णांसाठी थर्मासमधला चहा आणला.

पुढच्या रविवारी आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जेवायला आली होती. बायकोने बाटली उघडली, सगळ्यांना दिली आणि माझा ग्लास स्वयंपाकघरात ठेवून आली. आमच्याकडे तसंच ठरलेलं. आण्णांसमोर मी साधी सुपारीसुद्धा खाल्लेली नव्हती. मी पाण्याचा पेला घेऊन बसलो.

आण्णांनी ते पाहिलं. "तुझी कुठाय?"

"मी... नको, आण्णा."

"का? वाईट झालीया?"

"तसं नाही."

"मग पी की. मी केलीय ती."

बायकोने आतून ग्लास आणून माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे न बघता मी एक घोट घेतला. तुरट होती, जरा कच्चीच, पण घशातून उतरल्यावर मागे गोडसर चव राहायची.

"खरं सांग," ते म्हणाले.

"जरा तुरट आहे. पण चांगली झालीय. खरंच चांगली झालीय."

माझी मुलगी मधेच इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, सगळे लाइक करतायत, लाह!" आणि सगळे हसले. मग आण्णा प्रत्येकापाशी जाऊन विचारू लागले, कशी वाटली, काय कमी आहे. उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस लोकांच्या जिभेवरून आपली वाइन चाखत होता. दुसऱ्या दिवशी अंकलला ते सगळं सांगायला मला सुट्टी काढून सोबत नेलं. कोण काय म्हणालं, एकही मत विसरले नव्हते.

पावसाळ्याआधी ते गावी परत गेले. त्यांनी स्वतःची बाग पुन्हा लावली नाही. त्या रानात आता हळद असते. पण आई गेल्यापासून ते कुणाच्याच द्राक्षबागेत पाऊल टाकत नव्हते. त्या वर्षी छाटणीला ते माझ्या चुलतभावाच्या बागेत गेले, आणि आता त्याच्याकडे रोज असतात, असं तो जरा वैतागून आणि जरा कौतुकाने सांगतो.

पुढे अंकलचा गुडघा फारच बिघडला. गाळ्याचा करार संपत आला होता, त्याने तो वाढवला नाही. तो मुलीकडे जाण्याआधी मी भेटायला गेलो. बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते बागेतच होते. त्यांनी फोन वर धरून मांडवाखालचे घड दाखवले. अंकल कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "हाउ मच शुगर?"

"नॉट येट," आण्णा म्हणाले. "नॉट येट."