मागच्या भिंतीचा अर्ज

बत्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. एवढ्या काळात एक शब्द मी माझ्या नावापेक्षाही जास्त वेळा लिहिला असेल: निरंक. वरून तक्ता येतो. अपघात किती, तक्रारी किती, गैरप्रकार किती. रकाना रिकामा ठेवला तर फोन येतो, भरला तर चौकशी येते. निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, नोकरी करता करता आपोआप अंगवळणी पडलं.

निवृत्तीनंतर आम्ही चार जणांनी संस्था काढून अकोल्यात मुलींचं एक छोटं वसतिगृह सुरू केलं. मी सचिव. अकोट, बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या सव्वीस मुली, स्वयंपाकाला आणि सोबतीला एक मावशी, आणि मागच्या बाजूला अर्धी पडलेली भिंत. भिंतीपलीकडे नाला, मग मोकळे प्लॉट. दर बैठकीत त्या भिंतीचा विषय निघायचा आणि चहा पिऊन आम्ही उठायचो. अशात कळलं की आमच्यासारख्या संस्थांना सुरक्षेसाठी सरकारी अनुदान मिळतं. भिंत, कॅमेरे, पहारेकरी. मला कोण आनंद झाला! कागदपत्रांच्या कामात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे. ठराव, नकाशा, भिंतीचे फोटो, तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, सगळं क्रमाने लावून मी स्वतः अमरावतीला विभागीय कार्यालयात देऊन आले.

पंधरा दिवसांनी तिथल्या बाबूंचा फोन आला, येऊन जा म्हणून. गेले.

"मॅडम, फाईल तं एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण हे सातव्या रकान्यात काय लिहिलं तुमी?"

गेल्या तीन वर्षांतील सुरक्षाविषयक घटनांचा तपशील, असा तो रकाना. त्यासमोर माझ्या वळणदार अक्षरात: निरंक. सोबतच्या तिन्ही अहवालांत माझंच वाक्य, या वर्षात कोणतीही अनुचित घटना घडली नाही.

"काहीच झालं नाही, तं भिंत कायले पायजे?"

"अहो, काही होऊ नये म्हणून!"

"ते बरोबर आहे. पण साहेब म्हणून राहिले, जिथं झालं तिथं पयले देऊ. आठ दिवस देतो. घटना आना."

"घटना काय भाजीबाजारातून आणू का?" मी भडकलेच. ते हसले आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात सरकारचा उद्धार करत होते. आमच्याकडे काही घडत नाही याचा मला अभिमान होता. तोच आता आडवा आला म्हणून चीड येत होती.

वसतिगृहात पोचले तेव्हा मावशी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मी पर्स आपटली आणि सगळं सांगून टाकलं. "घटना आणा म्हणतात! सांगा मावशी, इथं कधी काही झालं का हो?"

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली.

"मावशी?"

"झालं ना, बाई," त्या म्हणाल्या. "कितीकदा झालं."

हात धुऊन, गॅस बंद करून त्या उठल्या आणि मला मुलींच्या मोठ्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचं दार त्यांनी उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. लाल समास, पट्टीने आखलेले रकाने, वार आणि नावं. झाडलोटीच्या पाळ्या अशाच लावायच्या, हे मीच मुलींना शिकवलं होतं. पण वर मथळा होता: जागं राहण्याची पाळी. सोमवार, दोघी. मंगळवार, दोघी. अशा सातही वारांना दोन-दोन मुली. आणि खाली टीप: परीक्षा असलेल्या मुलींना सूट.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं. जवळच्या कॉटवर बसले. बसल्यावर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली स्टीलची थाळी आणि लाटणं दिसलं. वाजवायला. ही थाळी साठा नोंदवहीत कमी भरली म्हणून गेल्या वर्षी मी मावशींना सगळ्यांदेखत बोलले होते. त्यांनी तेव्हा मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

पाळ्यांचं अक्षर मी ओळखलं. अकोटजवळच्या खेड्यातली, बारावीची मुलगी. वर्गात पहिली. बोलावलं तर ती दारातच उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून.

"कोण येतं ग इथं?"

"माहीत नाही, मॅडम. दोघंतिघं असतात. भिंतीवरून येतात. बाथरूमच्या खिडकीवर हात मारतात. एकदा कडी तोडली होती. थाळी वाजवली की पळतात."

"अरे देवा! आणि मला काहून नाही सांगितलं?"

ती मावशींकडे पाहायला लागली. मावशी जमिनीकडे.

"एकीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "तिले तुमी घरी पाठवलं."

"मी? कधी?"

खरं सांगते, मला आठवत नव्हतं. मी खोटं बोलत नव्हते, पण खरंही माझ्याजवळ नव्हतं. ती हळूहळू बोलायला लागली. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी जुन्या मुली तिला सगळं समजावून सांगतात. पाणी कधी येतं, जेवण किती वाजता, कोणता नळ गळतो. आणि मॅडमला काही सांगायचं नाही. सांगितलं की घरी पाठवतात. घरी पाठवलं की शिक्षण संपलं.

"तुमी चांगल्या आहात, मॅडम," ती घाईने म्हणाली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

मग मी ऑफिसातून आवक फाईल आणली. तीन वर्षांपूर्वीची. माझ्या कारभारात कागद हरवत नाही. अर्ज सापडलाच, वहीच्या पानावर लिहिलेला, बार्शीटाकळीच्या एका मुलीचा. त्याला आवक क्रमांक होता, शिक्का होता, तारीख होती. भिंतीवरून माणूस आल्याचं तिने सरळ लिहिलं होतं. कोपऱ्यात माझा शेरा: पालकांस बोलावून मुलीस आठ दिवस घरी पाठवावे. खाली सही. आणि त्याच वर्षीच्या अहवालात कोणतीही अनुचित घटना घडली नाही.

"ते आठ दिवस कधी सरलेच नाही, बाई," मावशी म्हणाल्या. "दोन महिन्यांत पत्रिका आली तिची."

पत्रिका मात्र मला लख्ख आठवली. लग्नाला जमलं नव्हतं, पण मी आहेर पाठवला होता. चांगला स्टीलचा डिनर सेट, नाव कोरून. पाठवताना बरं वाटलं होतं, तेही आठवलं. शी! स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

दारातली मुलगी अजून तिथेच होती. "मॅडम, आता आमाले घरी पाठवसान का?"

"नाही ग बाप्पा," मी म्हटलं, आणि रडायला लागले. सहासष्टाव्या वर्षी, मुलीसमोर, हमसून हमसून. मावशींनी पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी मी माझं अंथरूण वसतिगृहात आणलं आणि पाळ्यांचा तो कागद कपाटाच्या दारावरून काढला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. रविवारी पालकांना बोलावून सगळं सांगितलं, माझ्या शेऱ्यासकट. दोन मुलींना त्यांचे वडील तिथूनच घेऊन गेले, मी कितीही विनवलं तरी. अकोटकडच्या मुलीचे वडील मात्र म्हणाले, "राहू द्या तिले. पण आता काही झालं तं पयले मले फोन करा. तिले नका पाठवू, मले बोलवा." मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मग मी सातवा रकाना भरला. जागा पुरली नाही, चार पानं जोडली. माझे तिन्ही अहवाल खोटे आहेत, असं लिहून खाली सही केली. परिशिष्ट एक म्हणून तो वहीच्या पानावरचा अर्ज लावला आणि आठव्या दिवशी अमरावती गाठली.

बाबूंनी पानं चाळली. चाळता चाळता त्यांचा हात थांबला.

"मॅडम, असं कोनी लिहिते का? तुमच्यावरच चौकशी लागंल."

"लागू द्या."

ते परिशिष्ट वाचायला लागले, आधी मनात, मग शेवटची ओळ मोठ्याने: "तरी मॅडम, भिंत दुरुस्त करावी, पण मला घरी पाठवू नये, ही नम्र विनंती."

त्यांनी मान वर केली. "मंग?"

"पाठवलं," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का उचलला आणि तिच्या अर्जावर कार्यालयाचा आवक क्रमांक टाकला.