पंडितांनी न घेतलेली कोंबडी

आमच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीत ईश्वरविज्ञानाचे एक पुरोगामी पंडित होते. देव गरिबांच्या बाजूचा आहे, हे त्यांनी जाड जाड पुस्तकांतून सिद्ध केलं होतं. बाजारात मात्र त्यांची बायको जायची. मी बोईसरच्या कारखान्यांचं भंगार घेऊन-विकून वर आलेला माणूस. त्या रविवारी मंडळीच्या कमिटीवर माझी निवड व्हायची होती.

आदल्या दिवशी पंडित माझ्याबरोबर पालघरच्या बाजारात आले. डोंगरातली एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. तिने भाव सांगितला. मी तोंड उघडणार तोच पंडित म्हणाले, "घासाघीस म्हणजे गरिबाचा अपमान!" आणि मागितले तेवढे पैसे त्यांनी पुढे केले.

बाईने कोंबडी पदराखाली ओढली. "नाय विकायची."

"अहो, पण का?" पंडितांनी विचारलं.

"येका बोलात पैसं काढतो हा! कायतरी हाय या कोंबडीत. आमी नाय देत."

"बसा आता वरणभात खात," मी म्हणालो.

रविवारच्या उपदेशात तीच कोंबडी आली. एका व्यापाऱ्याच्या धाकाने गरीब बाईची वाचा बसली, असं पंडितांनी सांगितलं. नाव घेतलं नाही, तरी सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठून ओरडलो, "वाचा कुठे बसली? तुमच्या तोंडावर नाही म्हणाली ती!"

पंडित मंद हसले आणि भर मंडळीत त्यांनी मला क्षमा केली. मी ती मागितली नव्हती. पण क्षमा झाली म्हणजे गुन्हा झालाच असणार, असं मंडळीने धरलं आणि कमिटीवर दुसराच गेला.