मूळ पगार

इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डगले धुऊन देणाऱ्या त्या मोठ्या धुलाईखान्यात तो मोठ्या यंत्रावर होता. बावीस वर्षं झाली होती, पण यंत्रावरचा माणूस म्हणून त्याला कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो ‘पेन्शनमास्तर’. हे नाव थट्टेतून पडलं होतं, पण पुढे त्याला ते आवडायला लागलं.

कुणाला निवृत्तीनंतर किती मिळेल, हे तो डबा खाता खाता सांगायचा. बोटांवर मोजायचा, डोळे मिटायचा आणि आकडा फेकायचा. कर्ज काढू का, मुलीचं लग्न पुढल्या वर्षी करू का, असंही लोक त्यालाच विचारत. एकदा ऑफिसात पगाराचं काम बघणारी पोरगी तिथून जाता जाता थांबून म्हणाली होती, “काका, तुम्ही पगार कुठला धरता?”

“जो मिळतो तोच धरणार ना? न मिळणारा कसा धरू?”

सगळे हसले. ती आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात हा म्हणाला, “बाळ, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून माझा पगार कापला जातोय.” पोरगी निघून गेली. त्या दिवशी त्याला डबा जरा जास्तच गोड लागला.

त्याची वहिनी तिथेच घडीच्या टेबलावर होती. थोरला भाऊ वारल्यावर यानेच तिला इथे कामाला लावलं होतं. घर एकच. पुढची खोली वहिनीची, मागच्या दोन याच्या. चादरी उचलून उचलून वहिनीची मनगटं सुजायला लागली होती. रोज संध्याकाळी धाकटी जाऊ, म्हणजे याची बायको, गरम पाण्याचं भांडं तिच्यापुढे ठेवायची.

“भाऊजी, मी आता सोडलं तर भागेल का हो?” एका संध्याकाळी वहिनीने हात पाण्यात धरून विचारलं. “लेक बोलावतेय बाळाला सांभाळायला. जाईन. पण जावयाच्या घरी औषधासाठी हात पसरायचा नाही मला.”

याने डोळे मिटले. “महिना आठ हजार कुठे गेले नाहीत तुमचे.”

“नक्की?”

“वहिनी, तुम्ही मला विचारताय?”

वहिनीने राजीनामा दिला. नियमाप्रमाणे महिनाभर काम करून मग सुटायचं होतं. तिने लेकीला कळवलं, बाळाला दोन झबली शिवली, टेबलावरच्या बायकांना निरोपाचा चहाही पाजला.

महिना सरत आला तेव्हा ऑफिसातल्या पोरीने याला बोलावून घेतलं. दार लोटलं आणि हळूच विचारलं, “काका, मावशींना आठ हजार कुणी सांगितले?”

“का? कमी सांगितले का मी?”

ती हसली नाही. तिने वहिनीच्या पगाराची चिठ्ठी पुढ्यात ठेवली. धुलाईखान्यात या चिठ्ठीची एक रीत होती. सगळ्यात खालचा आकडा बघायचा, हातात किती आलं ते कळलं की घडी घालून खिशात टाकायची. हाताला सवयच घड्या घालण्याची. वरचा मजकूर कुणी वाचत नसे. यानेही कधी वाचला नव्हता.

“हातात येतात वीस हजारांच्या आसपास,” पोरगी सांगू लागली, “पण त्यात मूळ पगार नऊच हजार. बाकी सगळा हजेरी भत्ता, प्रवास भत्ता, रात्रपाळीचे जादा पैसे. पेन्शनची कपात होते ती नुसत्या मूळ पगारावर. शंभरातले दहा तुमचे, तेवढेच मालकाचे. आणि शेवटी पेन्शनही त्या नऊवरच बसते. त्यांना महिना साडेतीन हजारांच्या वर काही मिळत नाही.”

“भत्ता म्हणजे पगारच की.”

“हातात घेताना पगार. पेन्शनला नाही.”

त्याने चिठ्ठी पहिल्यांदाच वरपासून वाचली. सगळं स्वच्छ छापलेलं होतं. रात्रपाळी करा, पेन्शन वाढेल, असं त्याने किती जणांना सांगितलं होतं.

“परवापर्यंत राजीनामा मागे घेता येईल,” ती म्हणाली. “मी सांगू का मावशींना?”

“नको. मी बघतो.”

संध्याकाळी वहिनी पेटी भरत होती. हा दारात उभा राहिला. “वहिनी, एवढी काय घाई आहे? काढा की अजून एखाद-दोन वर्षं.”

वहिनीचा हात थांबला. “आज अचानक?”

“असंच आपलं.”

तिने आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “धाकटी काही बोलली का? लेकीकडे करमलं नाही तर ही कायमची घरी बसेल, आपल्याला जड होईल, असं?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, “जाऊ द्या ना.”

त्या संध्याकाळी बायकोने गरम पाणी आणून ठेवलं, तर वहिनी म्हणाली, “राहू दे, उद्यापासून तुला हा त्रास नको.” बायको भांडं घेऊन तशीच आत आली. “मी काय केलं हो?” तिने विचारलं. हा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. चूक त्याची, आणि घराबाहेरच्या धंद्यातली. पण ती बायकोच्या पदरात टाकली होती, तेही एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी यंत्रात चादरी भरून तो घडीच्या टेबलापाशी गेला. सगळ्या बायका होत्या.

“या मास्तर. आज कुणाची पेन्शन काढताय?” एकीने विचारलं.

“वहिनींची,” तो म्हणाला. “आठ नाही, साडेतीन मिळणार. मी सगळा पगार धरत होतो. मूळ पगार धरायचा असतो, तो चिठ्ठीत वर लिहिलेला असतो. मी कधी वाचला नाही. तुम्हाला कुणाला काय काय सांगितलं असेल ते सगळं चुकीचं आहे. ऑफिसात त्या पोरीला विचारा.”

हातातली चादर वहिनीने अर्धी घडी घालून तशीच धरली होती.

“मग काल ते का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“आणि धाकटी?”

“ती काहीच बोलली नाही, वहिनी. तिला माहीतही नाही.”

वहिनीने घडी पुरी केली. चादर गठ्ठ्यावर ठेवून तिच्यावर नुसताच हात फिरवत राहिली. “लेकीला काय सांगू आता?” ती म्हणाली, पण हे त्याला विचारलेलं नव्हतं. मग पदराने हात पुसून ती ऑफिसाकडे निघाली. हा मागोमाग जाऊ लागला तेव्हा मान न वळवता म्हणाली, “मी जाईन एकटी.”

संध्याकाळी ती फाटकाशी थांबली होती. राजीनामा परत मिळाला होता. दोघं घरापर्यंत आले. आत भांड्यांचा आवाज येत होता. वहिनी पायरीशीच थबकली.

“तुम्ही व्हा पुढे.”

“तुम्ही थोरल्या, तुम्ही चला.”

“थोरली आहे म्हणूनच पाय उचलत नाहीये. सोन्यासारख्या पोरीला मी काल काय बोलले.” तिने चप्पल काढली, पुन्हा घातली. “तुमचं तुम्ही आधी सांगा. मग माझं मी सांगते.”

दार बायकोनेच उघडलं. दोघं खाली मान घालून उभे होते.