ओली कड

माझा थोरला भाऊ कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीला हात लावतो आणि मग माणसांकडे बघतो. एकदा आम्ही एका नातेवाइकांकडे सांत्वनाला गेलो होतो. घरातली माणसं रडत होती आणि दादा कोपऱ्यात डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवत होता. सगळ्यांना वाटलं, याला फारच लागलेलं दिसतंय. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "खिडकीखालचा तुकडा कुणीतरी नंतर केलाय. जमलेला नाही."

टेक्स्चरच्या भिंती दुरुस्त करणं हे त्याचं काम. म्हणजे साध्या गुळगुळीत भिंती नव्हेत, तर ज्यांच्यावर थापीने कमानी, लाटा, खरबरीत दाणे उठवलेले असतात त्या. अशा भिंती करणारे पुष्कळ आहेत. पण कपाट सरकवताना भिंतीचा पोपडा निघाला किंवा आतला नळ फुटून ती फुगली, की मूळ करणारा कुठे सापडत नाही. मग दादाला बोलावतात. बिघडलेलं खरवडायचं, पुट्टी भरायची आणि वर पहिल्यासारखं टेक्स्चर उठवायचं, हे कुणीही करतं. दादा त्याआधी बॅटरी भिंतीला टेकवून तिरका उजेड पाडतो आणि आधीच्या कारागिराची ओळख करून घेतो. "उंच माणूस होता. वरचं चांगलं आहे, खाली वाकायचा कंटाळा केलाय." किंवा, "इथपर्यंत मनापासून केलंय. इथे त्याला भूक लागली."

मग तो अगदी त्या माणसासारखं काम करतो, कंटाळ्यासकट. एका बाईंनी तक्रार केली होती की नवा भाग वाकडा दिसतोय. दादा म्हणाला, "भिंत सगळीच वाकडी आहे. मी एवढाच तुकडा सरळ केला तर तो उठून दिसेल." बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसल्या आणि संध्याकाळी नवऱ्याशी भांडल्या, असं नंतर कळलं.

असे कितीतरी कारागिरांचे हात दादाच्या एका हातात आहेत. फक्त एकाचा हात आपल्याला जमत नाही असं तो सांगायचा, तो म्हणजे बारक्याचा.

बारक्या हा आमचा धाकटा भाऊ. आता चांगला आडवा झालाय, पण नाव तेच राहिलं. मी दोघांच्या मधली. बारक्या डावखुरा आहे, त्यामुळे त्याच्या कमानी दादाच्या कमानींच्या बरोबर उलट्या वळतात. पूर्वी दोघं मिळून नव्या भिंती करायचे. दादा डावीकडून सुरू करायचा, बारक्या उजवीकडून, आणि मधोमध भेटायचे. तिथे दोघांच्या कमानी एकमेकींत अशा अडकायच्या की लोक मुद्दाम बघायला यायचे. यात एकच पथ्य होतं. भेटेपर्यंत दोघांच्याही कडा ओल्या राहिल्या पाहिजेत. एक जरी कड वाळली तरी तिथे रेघ उमटते आणि सगळी भिंत खरवडल्याशिवाय ती जात नाही.

एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती रेघ उमटली. काम ऐन मध्यावर आलं होतं आणि बारक्याला त्याच्या सासऱ्यांचा फोन आला. सासऱ्यांचा फोन ठेवून देणं बारक्याच्या बापाला जमलं नसतं, बारक्याला काय जमणार? तो बाहेर गेला. सासऱ्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने ते कमरेपर्यंत पोहोचले. बारक्या परत आला तोवर त्याची कड ठणठणीत वाळली होती. छतापासून जमिनीपर्यंत सरळ रेघ. डॉक्टर बघायला आले तेव्हा दादा म्हणाला, "भिंत आम्हा दोघांची. रेघ तेवढी याच्या सासऱ्यांची."

बारक्याने थापी बादलीत टाकली आणि तो निघून गेला. नंतर मला म्हणाला, "ताई, सासऱ्यांवरून बोलला त्याचं काही नाही, मीही बोलतो. पण तो तिथेच उभा होता गं. पाण्याचा फवारा हातात होता. माझ्या कडेवर दोनदा मारला असता तर काय झिजला असता?" मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "ज्याची कड त्याने सांभाळायची." एवढं बोलून तो बॅटरीचे सेल बदलायला लागला.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. बारक्या एका रंगाच्या दुकानात मशीनवर रंग कालवायला लागला. नव्या भिंती दादाने सोडूनच दिल्या, फक्त दुरुस्त्या घेऊ लागला. एकाने माझ्याकडे यायचं ठरवलं की दुसऱ्याला बरं नसायचं. मी दोघांना समजावून थकले, मग रागावून थकले, शेवटी नाद सोडला. मनातून मात्र कधी गेलं नाही. आईवडील गेल्यावर मला माहेर म्हणून जे उरलं होतं ते या दोन गाढवांमध्येच होतं.

दादा त्या काळात जरा चमत्कारिकही वागायला लागला. चहाचा कप डाव्या हातात धरायचा आणि निम्मा शर्टावर सांडायचा. दातही डाव्या हाताने घासायचा. वहिनी घाबरली आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात वरखाली करायला लावले आणि उजव्या हाताला काहीही झालेलं नाही म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली, "मग हा असं का करतो?" डॉक्टर म्हणाले, ते त्यांनाच विचारा. दादा तोवर डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होता.

मग आमच्या ह्यांनी टीव्ही लावला.

माझ्या बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत दोघा भावांनी मी घर घेतलं तेव्हा केली होती. ह्यांनी त्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, स्वतःच्या हाताने, नवा मोठा टीव्ही टांगला. संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत तो टिकला. मग खिळे, पट्ट्या आणि परातीएवढा गिलावा घेऊन सोफ्यावर आला. हे म्हणाले, "भिंतच कच्ची होती." मी काही बोलले नाही. कधीकधी न बोलण्यालाही फार जोर लागतो.

दादा आला. बॅटरी लावली, तळवा फिरवला, सैल झालेला भाग ठोकून पाहिला. मग म्हणाला, "वरपासून कमरेपर्यंत मधला सगळा पट्टा नव्याने करावा लागेल. माझी बाजू मी करीन. दुसरी मला जमायची नाही."

"का नाही?"

"डावा हात आहे तो. त्याला सांग, त्याची अर्धी भिंत त्याने येऊन करावी."

ज्याने गावभरच्या लोकांचे हात उचलले त्याला सख्ख्या भावाचा जमू नये, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी फोनकडे धावले. बारक्याने विचारलं, "मला दादाने बोलावलंय की तू?" मी म्हटलं, "दादा म्हणाला, अर्धी भिंत तुझी आहे." पलीकडे रंगाचं मशीन घरघरत होतं. मग तो म्हणाला, "रविवारी येतो. पण मी बोलणार नाही."

रविवारी दोघं आले. दादाने आधीच खड्डा भरून, घासून, प्रायमर मारून ठेवला होता. टेक्स्चरचा माल बारक्याने कालवला. एका स्टुलावर हा, दुसऱ्यावर तो, आणि मध्ये मी. दोघांत वीतभर अंतर असताना निरोप माझ्यामार्फत जात होते.

"ताई, त्याला सांग, माल घट्ट आहे."

"चिमणे, त्याला सांग, कालवला कुणी?"

"ताई, त्याला सांग, थोडं पाणी घाल."

मी तिसऱ्या निरोपानंतर सांगणं सोडून दिलं. तसंही दोघांना ऐकू येतच होतं. हे दारात उभे राहून, काही लागलं तर सांगा, असं म्हणत होते. कुणाला काही लागत नव्हतं.

पण काम सुरू झालं आणि बोलणं आपोआप थांबलं. दादाची कमान डावीकडून यायची, बारक्याची उजवीकडून, आणि दोघांच्या थाप्यांचा आवाज एका लयीत पडायला लागला. इतक्या वर्षांत बारक्याने थापी धरली नव्हती, तरी पहिल्या दोन-चार कमानींनंतर हात बसला. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण पट्टा संपला की दोघं आपापल्या घरी जाणार होते.

निम्मा पट्टा झाला असेल, तेवढ्यात बारक्याच्या खिशात फोन वाजला. त्याने दोन बोटांनी काढून बघितला. सासरे.

बारक्याने फोन परत खिशात टाकला आणि थापी उचलली. फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. बारक्याचे कान लाल झाले होते.

दादा भिंतीकडेच बघत म्हणाला, "उचल."

बारक्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी नाही बोलले. तो बोलला."

"कड वाळेल," बारक्या म्हणाला.

"वाळू देत नाही मी. म्हातारा माणूस आहे, उचल."

बारक्या उतरला आणि गॅलरीत गेला. दादाने फवारा घेऊन त्याच्या कडेवर पाणी मारलं. मग आपलं स्टूल उजवीकडे सरकवलं, थापी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि बारक्याच्या बाजूला कमान काढली. बारक्याचीच कमान. तशीच उलटी वळणारी, शेवटाला तसाच छोटा झटका. मग तिच्याखाली दुसरी.

मला तो चहा सांडलेला शर्ट आठवला आणि माझे डोळे भरून आले. हा माणूस इतकी वर्षं घरात बसून भावाचा हात शिकत होता. शिकून झाल्यावरही, जमत नाही म्हणून सांगत होता.

बारक्या परत आला आणि दारातच थांबला. बराच वेळ तो दादाचा डावा हात बघत होता.

"ताई, त्याला सांग," म्हणून त्याने सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्याने घसा साफ केला. "दादा, मनगट सैल सोड. आवळून धरतोस."

"सोडलं," दादा म्हणाला. "काय म्हणतायत सासरे?"

"त्यांचा फोन बिघडलाय, लागतच नाही म्हणाले."

"कशावरून बोलले?"

"त्याच फोनवरून."

दादाने गंभीरपणे मान हलवली. "गुडघा?"

"तसाच आहे."

बारक्या स्टुलावर चढला. दादाने थापी उजव्या हातात घेतली, डावीकडे सरकला, आणि दोघं खालपर्यंत गेले. रेघ उमटली नाही. मी तळवा फिरवून बघितला. दोघांच्या कमानी पूर्वीसारख्या एकमेकींत अडकल्या होत्या, आणि दादाने काढलेल्या दोन कोणत्या ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

दोघं बादलीत हात धूत होते तेव्हा हे आत आले, भिंतीकडे बघून खूश झाले आणि त्यांनी विचारलं, आता टीव्ही लावायचा का.

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.