सांधेवाले काका

फरशी बसवणारे पुष्कळ असतात. आमच्या भागात काकांना 'सांधेवाले' म्हणतात, कारण ते फरशीबद्दल बोलतच नाहीत. "फरशी दुकानदाराची, सांधा माझा," एवढंच. दोन फरश्यांमधल्या तीन मिलिमीटरच्या फटीत कुठल्या रंगाचं ग्राउट भरायचं, हे ठरवायला ते दोन-दोन दिवस घेतात. स्वयंपाकघराचं काम असलं की घरमालकाला बाजूला ठेवून विचारतात, "ओटा पुसणार कोण?" जो पुसणार, त्याला रंग विचारायचा. एका हौशी जोडप्याला त्यांनी सरळ सांगितलं होतं, "शेगडीमागे पांढरा सांधा म्हणजे रोजचं भांडण. तुम्हाला भांडायला दुसरी कारणं मिळतील."

हे त्यांना त्यांच्या मामानं शिकवलं. पस्तीस वर्षं उकिडवं बसून काकांचे स्वतःचे गुडघे कुरकुरतात. उठताना भिंतीला हात लावून म्हणतात, "माणसाच्या सांध्यात भरायचा मसाला तेवढा निघायचा राहिलाय."

मी स्थापत्याचा डिप्लोमा केलाय. घरी मी आणि आत्या. मला तिनंच वाढवलं. बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपायला लागलं, तेव्हा सगळी फरशी उखडून नवी घालायचं ठरलं आणि मी अंगात आल्यासारखी कामाला लागले. उतार मोजला, पाणीरोधक लेप निवडला. फरशी पांढरी, ग्राउटही पांढरं. सलग दिसेल, खोली मोठी वाटेल.

त्यात एक गोष्ट होती. पंधरा दिवसांपूर्वी आत्याच्या गुडघ्याला मार लागला होता. पलंगाचा कोपरा लागला, असं ती म्हणाली. दुसऱ्या गावी राहणाऱ्या माझ्या दादाला ते पटलं नाही. तो फोनवर म्हणाला, "तिची नजर अधू झालीये. आंघोळीला बाई ठेव, नाहीतर तिला इकडे पाठव." आत्यानं शांतपणे उत्तर दिलं, "आतून कडी लावता येते, तोवर मी माझी." त्या दिवशी ती नीट जेवलीसुद्धा नाही.

सकाळी फरशीचे नमुने आणायला बाहेर पडताना मी तिला सांगितलं, "आज सांधेवाले काका येतील, त्यांच्याशी नीट बोल." परत आले तर दारातच थबकले. आत्या खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर. समोर काका, चष्मा नाकावर, तिचा गुडघा निरखत.

"इथं दाबलं की दुखतं, डॉक्टर."

"लागलं कुठं?" काकांनी मोठ्यानं विचारलं.

आत्यानं आवाज खाली आणला. "घरात पलंग सांगितलाय. खरं म्हणजे बाथरूमचा उंबरा. सगळंच पांढरं हो. दुधात उतरल्यासारखं होतं. उंबरा कुठं आहे ते पायाला लागल्यावर कळतं. पण हे पोरीला सांगू नका. माझी कडी जाईल."

"नाही सांगत. पण ताई, मी माणसांच्या सांध्यांचा नाही. फरशीच्या."

आत्यानं पाय झटकन खाली घेतला. "मग इतका वेळ माझा गुडघा कशाला बघत बसलात?"

"तुम्ही दाखवलात म्हणून. शिवाय लोक मला रंग सांगतात, कुठं धडपडतात ते कोणी सांगत नाही."

हातातले पांढरे नमुने घेऊन मी तशीच जिन्यात परतले. पाच मिनिटांनी मुद्दाम चपला वाजवत आत आले. काकांनी शब्द पाळला. एवढंच म्हणाले, "इंजिनियरबाई, पांढऱ्याला पांढरा सांधा नको."

मी सवयीनं बोलून गेले, "खोली मोठी दिसते, काका."

"मोठी दिसून काय करायचंय? आत कोण बिऱ्हाड करणार आहे?"

मग त्यांनी एका फरशीचे तुकडे जोडून सात फटींत सात रंग भरले. मी एका फिकट राखाडीवर बोट ठेवलं, तर म्हणाले, "आत्ता बघू नका. ओला सांधा खोटं बोलतो." वाळून तो खरंच जवळजवळ पांढरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी, आत्याच्या आंघोळीच्या वेळेला, ते आले. फरशी बाथरूमच्या जमिनीवर ठेवली आणि आत्याला दारात उभं केलं.

"ताई, आंघोळीला चष्मा असतो?"

"चष्मा लावून कोण आंघोळ करतं?"

"मग काढा."

मी उतार मोजला होता, लेपाची जाडी मोजली होती. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आत्यानं डोळे बारीक केले. सातपैकी चार रेघा तिला दिसल्याच नाहीत. माझी राखाडी त्या चारांतच. "ती एक दिसते, कोळशासारखी," ती म्हणाली. काकांनी मान हलवली. भिंती पांढऱ्या राहिल्या. जमिनीला खरखरीत करडी फरशी आली, भिंत आणि जमीन मिळतात तिथं कोळशाच्या रंगाची रेघ, आणि उंबऱ्याची अख्खी कड काळी. दिसायला ते शाळेच्या वहीसारखं दिसतं. मला आवडत नाही, आणि मी त्यातली एक रेघही बदलणार नाही.

काम संपलं तेव्हा काका हत्यारं पुसत होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं. तुमचे उपकार..."

"माहीत होतं. दारात सावली पडली होती तुमची. म्हणून तर मोठ्यानं विचारलं."

"आत्याला तर सांगणार नाही म्हणालात."

"मी कुठं सांगितलं? तुम्ही ऐकलंत." मग भिंतीला हात लावून उठले. आत्यानं आपली गुडघ्याच्या तेलाची बाटली त्यांच्या पिशवीत टाकली. "घ्या, डॉक्टर. माझ्यापेक्षा तुम्हाला गरज आहे."

सांधे पुरते वाळल्यावर आत्या पहिल्यांदा आत गेली. चष्मा तिनं बाहेर माझ्या हातात दिला. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, काळी कड बघितली आणि पाय बरोबर पलीकडे टाकला. कडी लागल्याचा आवाज आला. दादाला काय सांगायचं ते मला कळलं होतं, तरी मी भिंतीला टेकून तिथंच उभी राहिले.

"बाहेर उभी राहू नकोस," आतून आवाज आला. "मला दिसत नसलं तरी ऐकू येतं."